झाडाची साल कंपोस्टमध्ये टाकावी का? टाकली तर कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वठलेलं झाड तोडलं, त्याची चार पोती साल निघाली आणि ती तुम्ही कंपोस्टच्या ढिगात टाकली. आठ महिने झाले तरी साल जशीच्या तशी आहे. मधला काळा दिसणारा भाग काढून वाफ्यात मिसळला, तर पंधरा दिवसांत रोपांची पानं पिवळी पडली. म्हणून तुम्ही विचारता, की साल कंपोस्टला चालतच नाही का?

चालते, आणि चांगली चालते. पण इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. साल कुजली नाही हा एक, आणि अर्धवट कुजलेली साल मातीत गेल्यावर तिने रोपांच्या तोंडचं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतलं हा दुसरा. दोन्हींचं मूळ एकच असलं तरी उपाय वेगळे आहेत.

आधी एक खुलासा. मराठीत फळाच्या सालीलाही साल म्हणतात आणि झाडाच्या सालीलाही, त्यामुळे या विषयावर सल्ले देताना लोक हमखास घोटाळा करतात. फळभाज्यांच्या साली ओल्या, लवकर सडणाऱ्या असतात आणि 'हिरव्या', म्हणजे नत्र जास्त असलेल्या, मालात मोडतात. झाडाची साल त्याच्या अगदी उलट आहे. 'साली टाका, दोन महिन्यांत खत होतं' असं कुणी सांगितलं असेल, तर ते बहुतेक पहिल्या प्रकाराबद्दल बोलत असावेत.

झाडाची साल हे झाडाचं चिलखत असतं. बुरशी, किडे, पाणी, ऊन यांना आत येऊ द्यायचं नाही हेच तिचं काम. त्यासाठी तिच्यात तीन गोष्टी भरपूर असतात. लिग्निन हा पेशींना टणक करणारा पदार्थ, जो फोडणं बहुतेक जिवाणूंना जमत नाही, काही बुरशींनाच जमतं. सुबेरिन आणि मेण यांमुळे साल पाणी झटकून टाकते. आणि टॅनिन प्रथिनांना चिकटून बसतं. कातडं कमावायला काही झाडांची साल वापरतात ती याच गुणामुळे. ढिगातही तेच घडतं: सूक्ष्मजीव कुजवण्यासाठी जी विकरं (एन्झाइम) सोडतात ती प्रथिनंच असतात, टॅनिन त्यांनाच धरून ठेवतं. झाड मेलं तरी चिलखत लगेच निकामी होत नाही, हे लक्षात घेतलं की पुढची सगळी कृती आपोआप सुचते.

त्यात नत्राची चणचण. कंपोस्टचा ढीग सुरू होताना कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे एक भाग नत्रामागे किती भाग कर्ब (कार्बन) ते, २५ ते ३० : १ असावं लागतं. रुंदपानी झाडांच्या सालीत ते ढोबळमानाने १०० ते ४०० : १ असतं, पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या सालीत तर पार हजारापर्यंत जाऊ शकतं. नुसत्या सालीचा ढीग म्हणजे घर बांधायला विटांचा डोंगर आणून ठेवला, पण गवंडी बोलावलेच नाहीत अशी गत.

किती नत्र लागेल याचा हिशेब एकदा करून पाहा. समजा १० किलो कोरडी साल आहे. त्यात साधारण ५ किलो कर्ब, आणि गुणोत्तर २०० : १ धरलं तर २५ ग्रॅम नत्र. ५ टक्के नत्र असलेली पेंड घालून हे ३० : १ वर आणायचं, तर कागदावर जवळजवळ ४ किलो पेंड लागते. हा आकडा पाहून माणूस साल जाळून टाकेल! पण सालीतला सगळा कर्ब सूक्ष्मजीवांच्या हाती एकदम लागतच नाही. लिग्निनमध्ये अडकलेला कर्ब वर्ष-दोन वर्षं हळूहळू सुटतो. म्हणून मी सालीचा निम्माच कर्ब हिशेबात धरतो, आणि मग दीड ते पावणेदोन किलो पेंड पुरते. कागदी हिशेबाप्रमाणे सगळं नत्र एकदम ओतलं, तर ते वापरायला कुणी नसतं, अमोनिया होऊन उडून जातं आणि ढिगाला डोळे झोंबणारा वास येतो.

घरच्या बागेत मात्र साल हा ढिगाचा मुख्य माल ठेवूच नये. एकूण आकारमानाच्या पाचवा हिस्सा, फार तर चौथा. या प्रमाणात ती खाद्यापेक्षा सांगाड्याचं काम जास्त करते. ओला हिरवा माल आणि शेण दबून चिखल होतो, त्यात सालीचे तुकडे हवेच्या वाटा मोकळ्या ठेवतात. गवताच्या ढिगाला जो आंबूस, कुबट वास येतो तो साल मिसळली की बहुतेक वेळा येतच नाही. सालीचा खरा फायदा हाच आहे.

आता कृती. यात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी म्हणजे तुकडे करणं. हातभर लांब पट्टे टाकले तर ते दोन वर्षांनीही पट्टेच राहतात. साल १ ते दीड सेंटीमीटरच्या तुकड्यांत आली पाहिजे. चिपर यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर साल पूर्ण वाळू द्या, पोत्यात घालून मोगरीने किंवा फावड्याच्या पाठीने कुटा. वाळलेली जाड साल चांगली तुटते. दोरीसारखी तंतुमय साल मात्र कुटून तुटत नाही, ती कोयत्याने आडवी तोडावी लागते. पार भुकटीही करू नका. भुकटी दबून बसते, हवा अडवते, आणि सालीचा सांगाडा म्हणून जो उपयोग होता तोच जातो.

दुसरी पायरी भिजवणं. वाळलेल्या सालीवर पाणी मारलं की वरून ओली दिसते आणि आत कोरडी ठणठणीत राहते. तुमच्या ढिगात बहुधा हेच झालंय. पिंपात साल घालून वर दगड ठेवा, नाहीतर ती तरंगत राहते, आणि २४ ते ४८ तास बुडवून ठेवा. साध्या पाण्याऐवजी शेणकाला वापरला तर एका दगडात दोन पक्षी: ५ लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण. पाणी आत शिरतं, सोबत नत्र आणि सूक्ष्मजीवही जातात. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, हवेविना सडायला लागतं. उरलेलं तपकिरी पाणी ढिगावरच ओता. कोवळ्या रोपांना घालू नका, त्यात टॅनिन उतरलेलं असतं.

मिश्रण घमेल्याने मोजा, वजनकाट्याची गरज नाही. तुकडे केलेली साल १ घमेलं, वाळका पाला १, हिरवा माल (कापलेलं गवत, तण, भाज्यांची देठं) २ आणि ताजं शेण १. साधारण ओलाव्याच्या मालाला हे प्रमाण ३० : १ च्या आसपास बसतं. शेण मिळत नसेल तर सालीच्या प्रत्येक घमेल्यामागे अर्धा ते पाऊण किलो पेंड घाला. कोंबडीखत असेल तर शेणाच्या चौथ्या हिश्शाइतकं पुरे, ते तेज असतं.

पण ही सगळी प्रमाणं मालावर अवलंबून आहेत. शेण किती जुनं, गवत किती कोवळं, साल खोडाची की फांद्यांची, यावर हिशेब हलतो. बारीक फांद्यांच्या सालीत नत्र जास्त आणि चिलखत पातळ, ती लवकर कुजते. जुन्या खोडाची बुचासारखी जाड साल सगळ्यात चिवट. एकदा ढीग लावून चार दिवस थांबा, तापमान काय म्हणतं ते पाहा, मग दुरुस्ती करा.

ढीग लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बाजूंनी किमान १ मीटर हवा. त्याहून लहान ढीग उष्णता धरत नाही, आणि साल असेल तर हे आणखी जाणवतं. घमेलं १० लिटरचं धरलं तर १०० घमेली माल लागतो. मिसळल्यावर बारीक माल सालीच्या फटींत बसतो आणि ढीग खाली येतो, म्हणून थोडा जास्तीचा माल हाताशी ठेवा. तळाशी १५ सेंटीमीटरचा थर न कुटलेल्या जाड सालीचा द्या. पाणी निथळतं, खालून हवा येते, आणि जे तुकडे करायचा कंटाळा येतो त्यांची सोय लागते. त्यावर मात्र थरांवर थर रचत बसू नका, सगळं खोऱ्याने एकत्र मिसळा. थरांचा ढीग दिसायला छान. पण सालीचा थर आणि शेणाचा थर वेगवेगळे राहिले, तर शेण एकीकडे सडतं आणि साल दुसरीकडे उपाशी राहते.

ओलावा ५० ते ६० टक्के हवा. मूठभर माल घट्ट दाबला की बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, ही नेहमीची परीक्षा. सालीच्या ढिगात ती फसवते. बारीक माल ओला असल्याने मूठ बरोबर सांगते, पण सालीचा तुकडा आतून कोरडाच असतो. म्हणून पाच-सहा तुकडे उचलून मोडून पाहा. आतला रंग गडद आणि स्पर्श गार-ओलसर असेल तर ठीक. फिकट आणि खरखरीत असेल तर पुढच्या पलटीच्या वेळी पाणी घालत घालत ढीग उलटा.

सगळं जमलं तर तीन ते पाच दिवसांत मध्यभाग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर जातो. लांब काडीचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवत नसेल तर तापलाय. ६५ च्या वर जाऊ लागला तर पलटी द्या, कारण त्यापुढे कामाचे जीवही मरायला लागतात. नाहीतर तापमान ४५-५० च्या खाली उतरलं की पहिली पलटी, साधारण आठ-दहा दिवसांनी. पुढे दर पंधरवड्याला एक, अशा एकूण चार. पलटताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर हे कटाक्षाने पाळा.

आणि मग हात आखडता घ्या. 'जितक्या पलट्या तितकं लवकर खत' हा हिशेब पाल्याला लागू आहे, सालीला नाही. लिग्निन फोडणाऱ्या बुरशी गरम अवस्था संपल्यावर, ढीग कोमट झाल्यावर कामाला लागतात. त्यांचे तंतू मालातून लांबवर पसरतात आणि दर आठवड्याला ढीग उलटला की ते तुटतात. चौथ्या पलटीनंतर ढीग झाकून ठेवा, ओलावा सांभाळा आणि तीन-चार महिने त्याला हात लावू नका. पांढरे कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर घाबरून औषध मारू नका, ते दिसायलाच हवेत. उलट, गरम भागात राखेसारखी करडी-पांढरी पूड दिसली आणि माल हलका, कोरडा लागला, तर ते ॲक्टिनोमायसीट गटाचे जिवाणू असतात. ते वाईट नाहीत, पण ढीग तिथे कोरडा पडलाय हे सांगतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तोडा, भिजवा, नत्रवाल्या मालात पाचवा हिस्सा मिसळा, चार पलट्या द्या, मग बुरशीवर सोडा. एकूण वेळ सहा ते बारा महिने. थंडीत आणि जाड सालीला त्याहून जास्त.

सहा महिन्यांनीही सगळी साल गायब होणार नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही धरू नका. तयार माल १० ते १२ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. खाली पडलं ते कंपोस्ट. वर राहिलेले तुकडे फेकू नका, पुढच्या ढिगात घाला. त्यांच्यावर बुरशी आधीच बसलेली असते, पाणी आत मुरलेलं असतं, टॅनिन निघून गेलेलं असतं. ताज्या सालीपेक्षा हे तुकडे कितीतरी लवकर कुजतात आणि नव्या ढिगाला विरजणासारखे उपयोगी पडतात.

तयार झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. काळा रंग सालीला फार लवकर येतो, आणि तुमची फसगत बहुधा इथेच झाली. ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर अजून कच्चं. दुसरी चाचणी बियांची: एका कुंडीत निम्मं कंपोस्ट आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हीत मुळ्याच्या दहा-दहा बिया. कंपोस्टच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा रोपं फिकट आली, तर महिनाभर थांबा.

आता तुमच्या पिवळ्या रोपांकडे. आधी पिवळेपणा कुठला ते ठरवा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची ओढ. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं म्हणून असं होतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर तो बहुधा लोहाचा प्रश्न आहे, सालीला दोष देऊ नका. तुमच्या वर्णनातून हे कळत नाही. पण कच्ची साल मातीत गेली आहे, तेव्हा पहिली शक्यता मोठी. मातीत मिसळलेले सालीचे कण कुजवायला सूक्ष्मजीव आजूबाजूचं नत्र घेतात. ते नत्र कायमचं जात नाही, सूक्ष्मजीव मेले की परत मातीत येतं, पण रोपाला तेवढी सवड नसते. हाताला येतील ते मोठे तुकडे वेचून काढा. एक लिटर गोमूत्रात दहा लिटर पाणी मिसळून आठवड्यातून एकदा बुंध्याशी द्या, किंवा दोन-तीन दिवस भिजवलेल्या पेंडीचं पाणी पातळ करून द्या. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली पाहिजेत. आधीच पिवळी झालेली पानं परत हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्यावरून निकाल लावू नका.

हीच साल मातीत न मिसळता वर पसरली असती तर हा प्रकार झाला नसता. आच्छादनाखाली नत्राची ओढ मातीच्या अगदी वरच्या पातळ थरापुरतीच राहते आणि मुळं त्याखाली असतात. म्हणून ज्या सालीचे तुकडे करणं होत नाही, ती सरळ आच्छादनाला वापरा: ५ ते ८ सेंटीमीटर जाड थर, खोडापासून चार बोटं तरी लांब. खोडाला टेकवली तर तिथे ओल राहून बुंधा सडतो.

जुना ढीग मोडून निघेल त्या तुमच्या चार पोती सालीची वाटणी मी अशी करेन: तीन पोती तुकडे करून नव्या ढिगात, उरलेल्या पोत्यातली जाड साल तळाच्या थराला आणि बाकीची आच्छादनाला. आठ महिन्यांचा जुना ढीग वाया गेलेला नाही. तो मोडा, पट्टे तोडा, शेणकाल्यात भिजवा आणि याच प्रमाणात नव्याने लावा. त्यातली साल थोडीफार मऊ झालेली असेल, तेवढा वेळ वाचेल.

ढीग उघडल्यावर जर व्हिनेगरसारखा झोंबणारा वास आला, तर मात्र तो माल कुठल्याही झाडाजवळ नेऊ नका. साल हवेविना दाबून राहिली की आत ॲसेटिक आम्ल साठतं आणि असा माल एका रात्रीत पानं करपवतो. जमिनीवर वीतभर उंचीत पसरा, भरपूर पाणी मारून धुऊन काढा, आठवडाभर हवा लागू द्या. वास गेला की वापरता येतो.

चुन्याबद्दल कुणीतरी सांगेलच: 'साल आम्लधर्मी असते, चुना टाका.' ताजी पाइनची साल खरोखर आम्लधर्मी असते, सामू (पीएच) ४ ते ५. पण कंपोस्ट होताना तो आपणच वर चढतो, आणि रुंदपानी झाडांच्या सालीत कॅल्शियम बरंच असल्याने तिचा सामू कधी ७ च्याही पुढे जातो. शेणासोबत चुना घातला की नत्र अमोनिया होऊन उडतं. म्हणजे जे कमी आहे तेच घालवायचं. राखेचंही तसंच.

कुठली साल घेऊ नये? रंग, वार्निश किंवा वाळवीरोधक औषध लावलेल्या लाकडाची अजिबात नको. तणनाशक टोचून मारलेल्या झाडाची नको. समुद्राच्या पाण्यात राहिलेल्या ओंडक्यांची नको, मीठ उतरतं. काळ्या अक्रोडाच्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, ते टोमॅटोवर्गीय पिकांना बाधतं, म्हणून ती वेगळी ठेवून पूर्ण कुजू द्यावी.

तुमचं झाड वठलं होतं म्हणता, तर ते का वठलं हे महत्त्वाचं आहे. म्हातारपणाने किंवा पाण्याअभावी गेलं असेल तर हरकत नाही. मूळकुजीने किंवा मर रोगाने गेलं असेल तर घरच्या ढिगावर विसंबू नका. ५५ अंशांवर काही दिवस राहिलेला माल बऱ्याच रोगजंतूंपासून मुक्त होतो, पण घरच्या ढिगाच्या कडा तेवढ्या तापत नाहीत आणि जाड सालीच्या आत जंतू टिकून राहतात.

गंमत म्हणजे नीट पिकलेलं सालीचं कंपोस्ट हेच मूळकुजीवर चांगला अटकाव ठरतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात हॅरी हॉइटिंक या वनस्पतिरोगशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. कंपोस्ट केलेल्या सालीच्या कुंडीमिश्रणात पिथियम आणि फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या जिवांचा उपद्रव कमी राहतो, हे त्यातून पुढे आलं. हा गुण सालीचा कमी आणि तिच्यावर वसलेल्या ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचा जास्त. म्हणूनच ढिगाच्या गरम पोटातून काढून लगेच वापरलेल्या मालात तो नसतो, थंड होऊन पुन्हा वस्ती झाल्यावर येतो. शेवटचे ते तीन-चार महिने गाळू नयेत, ते यासाठीही.

वापराचं प्रमाण: वाफ्यात २ ते ३ सेंटीमीटरचा थर पसरून वरच्या १० ते १५ सेंटीमीटर मातीत मिसळा. कुंडीत एकूण मिश्रणाच्या २० ते ३० टक्के. रोपवाटिकेच्या ट्रेसाठी ५-६ मिलिमीटरच्या चाळणीतून पुन्हा काढून घ्या.

ढीग घराच्या भिंतीपासून, लाकडी दारं-खिडक्यांपासून चार-पाच मीटर लांब ठेवा, सालीवर वाळवी येते. ढिगात वाळवी दिसली तर त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की तो भाग गरमही नाही आणि हलवलेलाही नाही. उलटून ओला करा आणि मधे घ्या. झाड कोणतं होतं आणि खालची पानं आधी पिवळी पडली की वरची, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.